नियोजित, नियुक्त की मुक्रर?

प्रश्न : आमच्या संस्थेचे नवे अध्यक्ष निवडले गेले, पण सूत्रे एप्रिलमध्ये घेतील. पत्रिकेत ‘नियुक्त अध्यक्ष’ छापावे का? ‘आधीच ठरवलेला’ यासाठी आणखी कोणते शब्द आहेत? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ‘नियोजित अध्यक्ष’ छापा. निवड झाली, पदभार बाकी, हा अर्थ त्यातच आहे. ‘नियोजित वर’ तसाच. ‘नियुक्त’ म्हणजे कुणीतरी नेमलेला. विधान परिषदेच्या 78 पैकी 12 सदस्यांना राज्यपाल नेमतात, म्हणून ते ‘राज्यपालनियुक्त’. मतदानाने आलेला तो ‘निर्वाचित’.

भर घालायची म्हणून ‘पूर्वनियोजित अध्यक्ष’ मात्र कदापि लिहू नका. कट पूर्वनियोजित असतो. निवडणूक आधीच ठरवून घेतली, असा वास त्याला येतो. अरबीतून आलेला ‘मुक्रर’ आज तारीख, वेळ, रक्कम यांनाच शोभतो.

बोलीतले शब्द याहून नेमके आहेत. स्थळ ‘हेरून’ ठेवतात, जागा ‘राखून’, आंब्याची पेटी ‘सांगून’. नुसते हेरले तर समोरच्याला पत्ताही नसतो, सांगितले की शब्द गुंततो आणि पैसे दिले की तो ‘विसार’.