वाचक विचारतात : पायरेट्सचा हिवाळा

मागच्या अंकात विदर्भाच्या रणजी संघाबद्दल लिहिता लिहिता मी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचाही चाहता आहे, असं ओघात सांगून गेलो. या महिन्याच्या टपालात तोच एक विषय. अर्धे प्रश्न थट्टेचे आहेत, तेही घेतले. कबड्डीवाल्यांची उत्तरं पुढच्या अंकात, राजेहो, रागवू नका.

प्रश्न : भाऊ, राळेगाव तालुक्यात राहून अमेरिकेतली टीम? अन् तेही हारनारी? काऊन? (एक वाचक, आर्णी)

उत्तर : २००८ च्या नोव्हेंबरात पेपरात बातमी होती. पायरेट्सनं उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांशी करार केला. रिंकू सिंग भदोही जिल्ह्यातला, ट्रकड्रायव्हरचा मुलगा, डावखुरा. दिनेश पटेल वाराणसीकडचा, उजव्या हाताचा. दोघंही भाला फेकायचे, बेसबॉल कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. जोरात आणि नेमका चेंडू फेकणारा हात शोधायला टीव्हीवाल्यांनी देशभर स्पर्धा घेतली. रिंकू पहिला आला, त्याला एक लाख डॉलर मिळाले आणि पुढं अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार करणारे हे दोघं पहिले भारतीय ठरले.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वतःच्या हाताबद्दल माझा फार मोठा समज होता. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलायची, हे आमच्याकडं पोरासोरांचं काम. असे हात गावात घरोघरी होते. ती स्पर्धा यवतमाळले काऊन नाही आली, यावर पानठेल्यावर आम्ही पुष्कळ तोंडाची वाफ घालवली. मग त्या दोघांचं पुढं काय होते ते शोधायला लागलो. ४ जुलै २००९ ला ते पहिल्यांदा मैदानात उतरले, फ्लोरिडात, पायरेट्सच्या अगदी खालच्या पायरीवरच्या संघाकडून. त्याच महिन्यात रिंकूच्या नावावर एक विजयही लागला. दिनेश २०१० नंतर परत आला. रिंकू एकेक पायरी चढत होता, पण कोपरानं दगा दिला. मुख्य संघापर्यंत दोघांपैकी कोणी पोचलं नाही, आणि २०१८ मध्ये रिंकू डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. पोरं गेली, टीम माझ्या गळ्यात राहिली.

आता हरण्याचं. १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम या संघानं जिंकल्यापेक्षा जास्त मॅच हरल्या. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात कोणत्याही संघानं एवढं सलग हरून दाखवलेलं नाही. जगज्जेतेपदं पाच, पण शेवटचं १९७९ चं. मात्र हे सांगताना आर्णीकरांनी हसू नये. आपला विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आणि पहिला चषक घरी आला तो २०१७-१८ मध्ये. तोपर्यंत जामठ्याला किंवा जुन्या व्हीसीए मैदानावर जाऊन बसणाऱ्यांना कोणी ‘काऊन’ विचारत नव्हतं. विचारत असेल तरी ते उत्तर देत नव्हते.

प्रश्न : हंगाम सप्टेंबरात संपला असं तुम्हीच सांगता. मग रात्री वावरात जागलीला जाता की मोबाइल पाहायला? (पत्रावर नाव नाही, अक्षर ओळखीचं आहे)

उत्तर : दोन्ही. रातची लाइन असली की हरभऱ्याला ओलित करावं लागते, नसली तर रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी जागावं लागते. अमेरिकेत तेव्हा दिवस असतो आणि बेसबॉलमध्ये हिवाळ्यात होणारे खेळाडूंचे बहुतेक सौदे दिवसाउजेडी होतात. हंगामात पिट्सबर्गची संध्याकाळची मॅच आपल्या पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. त्यामानानं हिवाळा सोयीचा. बातमी आली की वाचायची, टॉर्च मारून बांधावरून एक चक्कर घ्यायची, परत मोटरीजवळ येऊन बसायचं. डुकरं अजूनपर्यंत तरी आत शिरलेली नाहीत, हे अक्षर ओळखीचं असणाऱ्या व्यक्तीनं कृपया लक्षात घ्यावं.

प्रश्न : तुमच्या पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला वर्षातला सर्वोत्तम गोलंदाज ठरवलं म्हणता, पण त्याच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव. हा कसला सर्वोत्तम? (एक वाचक, कळंब)

उत्तर : या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो.

बेसबॉलमध्ये विजय आणि पराभव पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या नावावर लिहायची जुनी रीत आहे. तो मैदानावर असताना संघानं आघाडी घेतली आणि ती शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याचा. पण धावा काढणं त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात काय आहे ते पाहायला दुसरा आकडा असतो, दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण मॅचमागे, त्यानं किती धावा दिल्या हा. चांगल्या पिचरचा तो तीनच्या आसपास असतो. २०२५ मध्ये स्कीन्सचा होता १.९७. बत्तीस मॅचमध्ये २१६ फलंदाज त्यानं चेंडूला बॅट न लागू देता किंवा नुसतं उभं ठेवून बाद केले. ‘साय यंग’ पुरस्कार देताना नॅशनल लीगच्या (तिकडच्या दोन गटांपैकी आमचा गट) सगळ्या मतदारांनी त्यालाच पहिलं स्थान दिलं. आणि तरी दहा पराभव! कारण आमच्या संघाला धावाच काढता येत नाहीत. ११७ होम रन, म्हणजे थेट सीमेपार गेलेले फटके, तीस संघांत सगळ्यात कमी. पोरानं सात डावांत एक धाव द्यायची आणि आपल्यांनी भोपळा फोडायचा नाही, हे मी या वर्षी इतक्यांदा पाहिलं की पहाटे घरचे उठायच्या आत मोबाइल बंद करून गाईचं दूध काढायला बसायचो. तोंडातून जे निघत होतं ते गाईनंच ऐकलेलं बरं.

स्कीन्स आमच्याकडं आला कसा, तेही सांगतो. खालच्या क्रमांकाच्या संघांनी नवी पोरं निवडायचा पहिला हक्क मिळवण्यासाठी मुद्दाम हरू नये, म्हणून तिकडं चिठ्ठ्या काढायची पद्धत आणली. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिला नंबर पायरेट्सचा लागला. पुढच्या जुलैत त्यांनी स्कीन्सला घेतलं, सहीचे ९२ लाख डॉलर दिले. मे २०२४ मध्ये तो मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. नशिबानं दिलेलं एवढं मोठं दान आणि भोवती उभा केलेला संघ ७१ विजय, ९१ पराभवांचा. म्हणून मला या हिवाळ्यात पिचरच्या बातम्या वाचायच्याच नाहीत. फलंदाज पाहिजे.

प्रश्न : मग आयपीएलसारखे बोली लावून विकत का घेत नाहीत? गरीब टीम आहे का? (एक विद्यार्थी, वणी)

उत्तर : आयपीएलमध्ये सगळ्यांच्या थैलीत सारखे पैसे असतात. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे पायरेट्स खेळतात त्या मुख्य स्पर्धेत, अशी मर्यादाच नाही. एका आकड्याच्या वर गेलं की कर भरायचा, बस्. २०२५ मध्ये तो आकडा २४ कोटी १० लाख डॉलर होता. लॉस एंजेलिसचे डॉजर्स तो कर खुशाल भरतात आणि २०२४, २०२५ असे दोन्ही चषक त्यांनी नेले. न्यूयॉर्क मेट्सनं हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर कबूल केले. पायरेट्सचा अख्ख्या संघाचा २०२५ चा पगार दहा कोटी डॉलरच्या आत.

पण गरीब म्हणू नको बाबू. जास्त कमावणाऱ्या संघांकडून कमी कमावणाऱ्यांना वाटा मिळतो, तो पायरेट्सलाही मिळतो. नदीकाठचं सुंदर मैदान आहे. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या लोकांनी मालकाविरुद्ध ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा दिल्या, त्या उगाच नाही. डॉजर्सएवढा खर्च करा असं कोणीच म्हणत नाही. दोन बरे फलंदाज घ्या, एवढंच मागणं आहे.

आणि नियमाची दुसरी बाजू जास्त बोचते. खेळाडू मुख्य संघात आला की पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर खेळतो, पुढची तीन वर्षं पगार लवादापर्यंत जाऊन ठरतो, आणि सहा वर्षं भरली की तो मोकळा. मोकळा झाला की फुकटात जाईल, या धाकानं छोटे संघ त्याला आधीच दुसऱ्याला देऊन टाकतात. गेरिट कोल आम्ही २०११ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला, घडवला, जानेवारी २०१८ मध्ये ह्यूस्टनला दिला. पुढं यांकीजनं त्याला नऊ वर्षांचे ३२ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि २०२३ मध्ये त्यानं साय यंग पटकावला. त्याच २०१८ च्या जुलैत टायलर ग्लासनाउ आणि ऑस्टिन मेडोज देऊन क्रिस आर्चर आणला. सोबत शेन बाझही गेला. आर्चर इथं चमकलाच नाही. आणि ग्लासनाउ? २०२५ च्या वर्ल्ड सीरिजची, म्हणजे अंतिम लढतीची, सहावी मॅच, आपल्याकडं १ नोव्हेंबरची सकाळ. सीतादही होऊन वेचणी लागलेली, बाया तासाला लागल्या होत्या आणि मी धुऱ्यावर मोबाइल धरून. शेवटच्या डावात डॉजर्सची आघाडी वाचवायला कोण आलं, तर ग्लासनाउ. तीन चेंडूंत खेळ खल्लास. पराटी आपण जगवायची अन् बोंडं फुटली की वेचा दुसऱ्याच्या घरी, हे मला नवीन नाही, पण त्या सकाळी फार लागलं.

स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होईल. त्याच्या आधीच त्याला देऊन टाकतील, अशी चर्चा तिकडं प्रत्येक हिवाळ्यात उठते. १ डिसेंबर २०२६ ला खेळाडू आणि मालक यांच्यातला करार संपतो आहे, तेव्हा पगाराच्या मर्यादेवरून मोठं भांडण होणार हे दिसतंच आहे. मर्यादा यावी असं मला वाटते, पण सोबत किमान खर्चाची सक्तीही पाहिजे. नाहीतर नुसत्या मर्यादेनं आमच्या मालकाचीच चांदी.

प्रश्न : आमच्या गावात बेसबॉल खेळायचं तर काय लागेल? (इयत्ता आठवी, मारेगाव)

उत्तर : आधी सॉफ्टबॉल खेळ. शालेय क्रीडा स्पर्धांत दोन्ही खेळ आहेत, पण सॉफ्टबॉलला मैदान लहान पुरतं आणि चेंडू खालून टाकायचा असतो. बेसबॉलमध्ये एका बेसपासून (धाव काढताना गाठायचा थांबा) दुसरा बेस ९० फूट, चेंडू फेकणारा उभा राहतो साठ फूट सहा इंचांवर. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण टप्पा न पडता थेट अंगावर येतो, म्हणून हेल्मेट आणि ग्लोव्हशिवाय उभं राहू नको. सरांना तालुका क्रीडा कार्यालयात चौकशी करायला सांग. खांदा दुखला तर दोन दिवस थांब, हे मात्र माझं खास सांगणं.

प्रश्न : समजा तुम्हाला डिसेंबरच्या सौद्यांत पाठवलं, तर कोणाला आणाल? (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : नाव सांगत नाही, हात सांगतो. डावखुरा, ताकदवान. पीएनसी पार्क हे आमचं मैदान बांधलंच तसं आहे. डाव्या बाजूचा मधला कोपरा ४१० फूट खोल, उजव्या हातानं खेळणाऱ्याचे उंच फटके तिथं झेल होऊन मरतात. उजवीकडं कडेला सीमा फक्त ३२० फूट, आणि तिथं २१ फुटांची भिंत. ती भिंत रॉबर्टो क्लेमेंटेच्या २१ क्रमांकासाठी. पोर्टो रिकोचा हा माणूस उजव्या बाजूचं मैदान राखायचा. बरोबर तीन हजार हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, त्याच्या नावावर. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचं सामान घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. आदल्या खेपांचं सामान लोकांपर्यंत पोचत नाही असं कळलं, म्हणून तो स्वतः निघाला होता. खेळाडू म्हणून मोठे पुष्कळ असतात. माझ्या मोबाइलवर फोटो मात्र याचाच आहे.

तर त्या भिंतीवरून चेंडू पलीकडच्या अ‍ॅलेगेनी नदीकडं धाडणारा डावखुरा पाहिजे. एक आहे आमच्याकडं, ओनील क्रूझ. मे २०२५ मध्ये त्यानं ताशी १२२.९ मैल वेगानं होम रन मारला, मोजमाप सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात जोरदार फटका. पण वर्षाची सरासरी .२००, म्हणजे दहादा उभा राहिला तर हिट दोनच. त्याला पुढंमागं आधार देणारे दोघं मिळाले तर तोही सुधारेल, असं माझं मत. डिसेंबरात सगळ्या संघांचे लोक एका ठिकाणी जमतात, तिथं एवढं एक काम झालं तरी पुरे.

प्रश्न : येत्या वर्षी जिंकाल का? एका वाक्यात सांगा. (एक वाचक, दारव्हा)

उत्तर : १६२ मॅचपैकी ८२. २०१८ नंतर तेवढंही जमलेलं नाही, तरी मी ८२ वर अडून आहे, कारण खालच्या संघांत कॉनर ग्रिफिन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा २०२५ मध्ये .३३३ च्या सरासरीनं खेळला आणि ६५ बेस चोरून, म्हणजे फटक्याविना पळून गाठून, बसला. त्याला एप्रिलपासून वर घेतात की पगार वाचवायला खालीच ठेवतात, यावरून मालकाची नियत कळेल. एक वाक्य झालं नाही, माफी. फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला सराव सुरू होतो, पण तेव्हा आमची हरभऱ्याची सोंगणी असते, म्हणून त्यावरचे प्रश्न जानेवारीतच पाठवा.