तिसरी-चौथी पिढी आणि वहीचं पान

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ती बसली आणि पर्समधून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. चार घड्या घातलेलं वहीचं पान आणि आकडीच्या गोळ्यांची स्ट्रिप. पानावर माहेरच्या आजोबांपासूनची नावं होती, प्रत्येकापुढे लाल पेनाने एकेक शब्द : दारू, दुसरी बाई, भावाची जमीन लाटली. सगळ्यात खाली तिच्या सात वर्षांच्या मुलाचं नाव. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं, वरून आलेला बाण तेवढा होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

प्रार्थनेच्या गटात कुणीतरी सांगितलं होतं, घराण्यावर पिढीजात शाप आहे; नावं लिहा, एकेकाचं पाप कबूल करा, तीन दिवस उपास धरा. तिने धरला. आणि विश्वास कमी पडू नये म्हणून ते तीन दिवस पोराच्या गोळ्याही बंद ठेवल्या. चौथ्या पहाटे त्याला मोठी आकडी आली.

"मॅडम, माझ्या वडिलांचं पाप लेकराला भोवतंय का?"

मी आधी गोळ्यांचं बोलले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवायची नाही, उपास असो की नाताळ. खरं सांगायचं तर त्या सल्ला देणाऱ्याचा मला रागच आला होता, तो गिळला.

बायबलमधलं निर्गम २०:५ तिला तोंडपाठ होतं : वडिलांच्या अन्यायाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. मी तिलाच पुढचं वाचायला लावलं. हे देवाचा द्वेष करणाऱ्यांबद्दल आहे, आणि लगेच सहाव्या वचनात प्रीती करणाऱ्या हजारोंवर दया आहे. "तुमचा मुलगा देवाचा द्वेष करतो?" ती हसली. "छे हो, झोपताना प्रार्थनेची आठवण तोच करतो."

मग यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८वा अध्याय काढला. बाबेलच्या बंदिवासातले इस्राएली लोक हेच म्हणत होते : आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली, दात मात्र पोरांचे आंबले. ही म्हण यापुढे तोंडात आणू नका, असं देव बजावतो. बापाच्या अन्यायाचा भार मुलगा वाहणार नाही. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही गोष्ट संडेस्कूलपासून माहितीय. पण आंधळ्याची गोष्ट म्हणून. त्याच्या आईबापांकडे कधी लक्षच गेलं नाही."

आदामाच्या पापाचा, म्हणजे पहिल्या माणसाचं पाप सगळ्या माणसांवर येतं या शिकवणीचा, विषय वेगळा. तिने तो विचारला नव्हता, मीही काढला नाही.

एक मात्र झाकून ठेवलं नाही. बापाच्या करणीची झळ मुलांना लागते, हे बायबल नाकारत नाही. गणना १४ मध्ये आईबापांच्या अविश्वासापायी इस्राएलांची लेकरं चाळीस वर्षं रानात भटकली. तिच्या वडिलांनी दारूपायी शेत विकलं, दहावीनंतर हिची शाळा सुटली, आणि आजही रात्री कडी वाजली की ही दचकून उठते. ही झळ झाली. दोष नव्हे. आकडी तर या दोन्हींत बसत नाही; तो मेंदूचा आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत. कडीच्या आवाजाचं काय करायचं, त्यासाठी मात्र तिने माझ्याकडे यायचं ठरलं.

"मग शाप मोडायची प्रार्थना?" जाता जाता तिने विचारलं. मी म्हटलं, वडिलांना माफ करता यावं म्हणून प्रार्थना करा, ती जास्त अवघड आहे. ती काही बोलली नाही.

महिन्याने आली तेव्हा तेच पान बरोबर होतं. फाडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी आकडीची नोंद ठेवायला सांगितली होती, ती तिने मागच्या कोऱ्या बाजूवर केली होती : तारीख, वेळ, किती मिनिटं. महिन्याभरात एकच ओळ.