घोड्यांवर रिसर्च करायचाय, पण घर कसं चालवू?

प्रश्न : सर नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी आहे, सर्व्हिसला सहा वर्षं झाली. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, तिथल्या घोडेबाजारात ड्युटी लागते आणि खरं सांगतो, तिथे मला घाम फुटतो. गाई-म्हशी, शेळ्या कितीही आणा, पण घोडा समोर आला की हात अडखळतो. मागच्या यात्रेत रात्री एक घोडी पोटदुखीने लोळत होती, नाकातून नळी घालायचा माझा ट्राय तीनदा फसला, ती दरवेळी डोकं वर फेकायची, चौथ्या वेळी मालकाने डोकं धरलं तेव्हा कुठे नळी गेली. मालक काही बोलला नाही पण बघत होता. घोड्यांवर एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आणि जमलं तर पुढे पीएच.डी. करायची आहे. पण घरी दोन लहान मुलं आणि होमलोन. यासाठी फेलोशिप वगैरे कोणी देतं का?

उत्तर : डॉक्टर, नळी गेली ना, मग झालं. घोड्याला उलटी होत नाही, पोट फुगलं तर आतलं बाहेर काढायला तीच एक वाट असते, त्यामुळे चौथ्या वेळी का होईना पण तुम्ही घातलीत हे महत्त्वाचं. आणि हात अडखळतो यात तुमचा दोष फार नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आपली डिग्री, त्यात घोड्याला हात लागतो किती वेळा? मी शिकत होतो तेव्हा घोड्याचा दात बघून वय सांगायला पुस्तकातल्या चित्रावर शिकलो, खरा घोडा आला तेव्हा त्याने तोंडच उघडलं नाही.

आता पैशाचं. 'ग्रामीण भागातल्या घोड्यांच्या डॉक्टरांसाठी' अशा नावाची फेलोशिप शोधत बसाल तर वर्ष जाईल. तुमची सगळ्यात मोठी फेलोशिप तुमच्या सर्व्हिस बुकात पडलेली आहे, ती म्हणजे अध्ययन रजा. रजा नियम १९८१ चे आहेत, पाच वर्षं सेवा झालेल्याला अर्ज करता येतो, साधारण एका वेळी १२ महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून २४. तुमची सहा झाली. पण आधी आस्थापना शाखेकडून दोन गोष्टी लेखी घ्या, रजा वेतन नक्की किती बसणार आणि परत आल्यावर नोकरी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा. तोंडी सांगितलेल्यावर होमलोनचे हप्ते भरता येत नाहीत.

दुसरी वाट पीएच.डी.च्या वेळची. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, सिनिअर झालात की ४२, वर घरभाडं. पगार आणि फेलोशिप दोन्ही एकदम मात्र मिळत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा.

आणि खरी गोम पुढे आहे, ती म्हणजे रिसर्चचा खर्च, कारण फेलोशिपमध्ये तुमचं घर चालतं, किट, प्रवास, बर्फात सॅम्पल पाठवणं हे नाही चालत. त्यासाठी प्रोजेक्ट लागतो आणि प्रोजेक्ट सहसा फील्डवरच्या डॉक्टरच्या नावावर मिळत नाही, कॉलेजातला कायम प्राध्यापक लागतो. म्हणजे शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजांपैकी कुठला तरी गाईड आधी पकडा, विषय नंतर. आणि विषय नुसता 'घोड्यांचे आजार' असा मांडलात तर समोरचा पहिलंच विचारणार की घोडे उरलेत किती? त्याचंही चुकत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ ला तीन लाख बेचाळीस हजार.

म्हणून माझं मत, घोडा मागे ठेवा आणि आजार पुढे करा. सर्रा घ्या. रक्त पिणाऱ्या माश्यांमुळे पसरतो, घोड्याला होतो, उंटाला होतो, गाई-म्हशींनाही होतो, म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या दूधवाल्याचाही प्रश्न झाला. किंवा ग्लँडर्स, घोड्यांचा जंतूंमुळे होणारा आजार, जो माणसालाही होतो आणि २००६ मध्ये आपल्याच राज्यात परत उपटला होता. सारंगखेड्याला ठिकठिकाणचे घोडे आठवडा-दोन आठवडे एकाच मैदानात बांधलेले असतात, असं फील्ड हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रवाल्यांनाही हेवा वाटावा असं आहे आणि ते तुमच्या दारात आहे! कायद्याचं बोलायचं तर मालकाची लेखी संमती आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी, दोन्ही आधी घ्या.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून घोडे-गाढवं-उंट आले, ५० लाखांपर्यंत ५० टक्के अनुदान, अशी बातमी तुम्हाला कोणी फॉरवर्ड केली असेल. ते ब्रीडिंग फार्म काढणाऱ्याला आहे, शिकणाऱ्याला नाही. त्याच्या मागे लागू नका.

या यात्रेपासून एक वही घाला. घोड्याचं वय, जात, कुठून आला, ताप, नाडी, काय दिलं, काय झालं. दोन यात्रांची वही घेऊन गाईडकडे गेलात तर बोलणं वेगळं होतं. हिसारच्या त्याच केंद्रात डॉक्टरांसाठी छोटी ट्रेनिंग्ज होतात, तिथे एकदा जाऊन या, ऑफिसकडून पाठवून घेता आलं तर उत्तमच.

प्रश्न : माझी लग्नाच्या वरातीची घोडी आहे. तिचं रक्त ग्लँडर्ससाठी तपासायला हिसारला पाठवलंय म्हणे. तोवर सुपाऱ्या सोडायच्या का? इथेच का नाही तपासत?

उत्तर : दादा, सोडा. सीझनमध्ये नुकसान होतं हे कळतं, पण ग्लँडर्सची पक्की तपासणी साध्या लॅबमध्ये होत नाही, जंतू माणसाला धोक्याचा आहे. रिपोर्ट येईपर्यंत घोडी वेगळी बांधा, पाण्याची बादली आणि खरारा वेगळा, नाक पुसायचं तर हातमोजे घालून. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड किंवा पायावर गाठी फुटलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. आणि पोरांना तबेल्यात झोपू देऊ नका.