ख्रिस्ती स्त्रीला देव कसा दिसतो, हे तिच्या आयुष्यावरून ठरतं का?

बरंचसं ठरतं. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात ते दिसत नाही, बायकांच्या साक्षी, म्हणजे त्यांनी सांगितलेले देवाचे अनुभव, ऐकले की दिसतं. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, त्यामुळे उदाहरणंही आपल्याकडचीच देते.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. पुढे १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा पदरात तान्ही मुलगी. त्याआधी कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचताना, स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाची वाट जवळजवळ बंदच आहे, हे त्यांना दिसलं होतं. अशी बाई १८८३ मध्ये लंडनजवळ फुलमला जाते, समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स (ख्रिस्ती जोगिणी) सांभाळतात ते बघते आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी दूर ठेवलेल्या जमातीतल्या, बाईशी बोलणारा येशू वाचते. तिला तोच पटणार! बाप्तिस्मा मात्र मान खाली घालून घेतलेला नव्हता. त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून), चर्चच्या अधिकारावरून त्या तिथल्याच एक सिस्टर, जेराल्डीन, यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच उतरवलंय, लगेच दुसरं कशाला घेऊ, हा त्यांचा सवाल. मला तो अगदी रास्त वाटतो.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले आणि संसारच मोडला. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं नव्हतं. त्यांचा झगडा मोक्षाशी नव्हता, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं याच्याशी होता. जाती देवाने केलेल्या नाहीत, हे एकदा मनाने घेतलं आणि वाट मोकळी झाली. १९०० मध्ये बाप्तिस्मा. त्यांचा देव आला तो स्वयंपाकघरातून.

आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, रमाबाईंच्या आश्रमातल्या, मुली? त्यातल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या. १९०५ मध्ये तिथे संजीवन, म्हणजे श्रद्धेच्या नव्या जागृतीची लाट, आलं तेव्हा त्या रडत, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत. रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी झटणाऱ्या, आणि त्याच आवारात या मुलींना पवित्र आत्मा भेटला तो असा.

आमच्या महिला प्रार्थनासभेतही हेच. मूल नसलेली बायबलमधल्या हन्नाचं नाव काढते, जिने मुलासाठी देवाची विनवणी केली; आजाराने पिचलेली, बारा वर्षं रक्तस्राव सोसून येशूकडून बऱ्या झालेल्या बाईचं. बायबलमधल्या पौलाच्या, शिकवणीने भरलेल्या, पत्रांवरून साक्ष देणारी बाई मला अजून भेटायचीय.