ब्रिटनीच्या खेड्यात आठवडाभर करायचं काय?

प्रश्न : ताई, जूनमध्ये फ्रान्सला ब्रिटनीत एका खेड्यातलं घर आठवडाभर घेतलंय, सोबत सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. समुद्र लांब आहे, कंटाळा तर येणार नाही ना?

उत्तर : अहो कंटाळा कसला, आतला भागच तर खरा बघण्यासारखा! फक्त गाडी भाड्याने घ्याच, खेड्यात बस फार कमी असतात. मुलासाठी आधी उएलगोआतचं जंगल गाठा, ग्रॅनाइटचे हे एवढे मोठाले गोल दगड, खाली नदी, आणि तिथला तो शंभर टनांच्या वरचा दगड नेमक्या जागी पाठ टेकून जोर लावला की चक्क हलतो, पोरगं तिथून निघायचं नाव घेणार नाही बघा.

सासूबाईंना गिमिलिओचं चर्च दाखवा. अंगणात १५८० च्या दशकातलं दगडी शिल्प आहे, दोनशेच्या आसपास मूर्ती, सावकाश एकेक चेहरा बघत फिरा, घाई करू नका.

नांत ते ब्रेस्त कालव्याकाठी सायकल चालवायला सपाट रस्ता आहे, जोसलँचा किल्ला तिथेच पाण्यावर उभा दिसतो. खायला कुट्टूच्या पिठाची गॅलेट, म्हणजे पातळ धिरडं, चीज-मशरूमवाली मिळते, पण हॅम नको असं आधीच सांगा. रविवारी दुपारनंतर दुकानं बहुतेक बंद, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच भरून ठेवा. आणि गावात फेस्त-नोझचा, म्हणजे रात्रीच्या लोकनृत्याच्या कार्यक्रमाचा, बोर्ड दिसला तर रात्री जाच, सगळे हात धरून गोल नाचतात, नवख्यालाही ओढून घेतात.