धुतलेलं खापर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. विहीर खणताना सापडलेलं खापर झकास आहे, आतून काळं, बाहेरून तांबडं. पण फोटो काढलायस कट्ट्यावर ठेवून, तेही घासूनपुसून! विहिरीच्या कुठल्या अंगाला मिळालं, किती फुटांवर, वरची माती कसली, याची एक ओळ नाही. आणि खाली मात्र लिहितेस, ‘सर, आपल्याकडे हरवलेली संस्कृती गाडलेली आहे.’

असेलही. पण अशी काळी-तांबडी भांडी आपल्या दक्षिणेत लोहयुगातल्या दफनांत मिळतात, तशी सातवाहनांच्या वस्त्यांतही मिळतात. नुसत्या रंगावर गेलीस तर हजार वर्षांचा घोळ होतो. तो सोडवणार खापराखालची-वरची माती, आणि तीच तू नळाखाली वाहून घालवलीस.

रागावत नाही. मीही हेच केलंय. कॉलेजात असताना बेळगावच्या वडगावच्या बाजूला सायकल मारायचो आणि दप्तर भरून खापरं आणायचो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं वडगाव-माधवपूरला उत्खनन करून सातवाहनकालीन नगर उजेडात आणलं. मी मात्र तीन शिवारांतली खापरं एकाच पिशवीत कोंबली होती. शेवटी आईनं ती तुळशीच्या कुंडीत तळाला घातली. तिला काय बोलणार? त्याहून जास्त उपयोग मी तरी कुठं ठेवला होता!

नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं ठाऊक आहे ना? १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला ओतीव धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चारही मिळून साठ किलोंच्या वर. पण ते शिस्तीत खणलेल्या थरातून आलेले नाहीत, म्हणून ते हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातले की बरेच नंतरचे, यावर जाणकार अजून भांडतात. हडप्पाची मुद्रा, म्हणजे कोरीव शिक्का, तर पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅमनी १८७५ मध्येच छापली होती, पण परकी समजून बाजूला ठेवली. १९२४ मध्ये त्याच खात्याच्या मार्शलनी जाहीर करेपर्यंत ती संस्कृती कुणाच्या गावीही नव्हती. तोवर तिथल्या विटा रेल्वेच्या भरावात गेल्या होत्या.

आता तुझं काम. गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, पांढर कुठं आहे. उजाड गावठाणाची राखेरी माती. लोक ती खत म्हणून गाड्या भरून नेतात. कन्नड शेजाऱ्यांना ‘हाळ’ विचार, ते नेमकी तीच जागा दाखवतील. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर वहीत उतरव. विहिरीच्या बाजूच्या भिंतीत राखेचा, विटांचा पट्टा दिसला तर उकरू नकोस. परवान्याशिवाय खणायचं नसतं, हे पक्कं. शेजारी टेप धरून फोटो काढ, वरून अंतर मोज. आणि मराठी की कन्नड, हा वाद तिथं नेऊ नकोस. हलशीच्या कदंब राजांचे ताम्रपट संस्कृतात आहेत, आपल्या दोघांनाही पंडित लागतो.

विहिरीचं बांधकाम कधी सुरू होतंय ते लगेच कळव. दगड बसले की भिंत गेली. रविवारी पहिल्या बसनं येतो. टेप तुझी आण, माझी तिसऱ्या मीटरला तुटलीय.

तुझे,
गणिताचे सर