सीसॅटमध्ये, म्हणजे युपीएससी पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, 'जर-तर'ची विधानं आणि त्यांचा नकार नेहमी चुकतो. काय करू?

क्लास लावू नका, एक 'च' सांभाळा. मला तो आंब्याच्या सात कलमांना पडला.

देवगडजवळ आमची सामाईक हापूसची बाग आहे. आजोबा गेल्यावर मोठ्या काकांनी सगळ्या पुतण्यांना सांगितलं, संमतीपत्रावर सही केलीत तरच वाटा. भर मे महिन्यात खळ्यात बसून मी सही केली. कागद उडू नये म्हणून काकांनी त्यावर अडकित्ता ठेवला होता. हंगाम संपला, पेट्या वाशीला गेल्या, माझ्या हाती छदाम नाही. विचारलं, तर सुपारी कातरत म्हणतात, "सही केलंस तरच वाटो गावतलो, असा बोललंय. सही केलंस काय गावतलोच, असा खय बोललंय?"

मी तेव्हा युपीएससीचा अभ्यास करत होतो, आणि लाज अशी की तर्काने काका बरोबर होते. 'सही केली तर वाटा' म्हणजे सही पुरेशी. 'तरच' म्हणजे सही लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. त्यातून निघतं ते इतकंच: सही नाही तर वाटा नाही, किंवा उलटून, वाटा मिळालाय म्हणजे सही झालेली आहे. 'सही केल्याशिवाय वाटा नाही' हेही तेच. खुद्द सीसॅटचं बघा ना. २०० पैकी ६६ मिळाले तरच पुढे. मिळाले म्हणून मुख्य परीक्षेला बसाल असं नाही.

नकाराचं म्हणाल तर 'पेटीतले सगळे आंबे पिकलेत' याचा नकार 'एकही पिकला नाही' हा नव्हे. एक कच्चा निघाला की पुरे. जर-तरचा नकारही दुसऱ्या जर-तरने होत नाही. पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा, असं एक उदाहरण दाखवायचं.

आणि तिथे काका सापडले. मधल्या काकांचा मुलगा मुंबईला असतो. त्याने त्या कागदाला आजवर हात लावलेला नाही, आणि त्याचे पैसे दर जूनमध्ये त्याच्या खात्यात जमा. काकांचं 'तरच' उलटून 'वाटा असेल तर सही आहे' असं होतं. इथे वाटा आहे, सही नाही. म्हणजे काका नुसते चिकट नव्हेत, खोटेही. आई म्हणते, जाऊ दे. का म्हणून?

हां, रोजच्या बोलण्यात लोक 'तर' म्हणतात आणि मनात 'तरच' असतो. पेपरात मनातलं वाचू नका, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापतात.

गणपतीत सगळे घरी जमतात. संमतीपत्राची झेरॉक्स काढून ठेवली आहे.